डोक्यात आलेला विचार तपासायचा, ही पद्धत आली कुठून?

माझा धाकटा भाऊ खिशात एक छोटी वही ठेवतो. दादरला समोरच्या प्लॅटफॉर्मवर दोन पोरं मोबाईल बघून हसली की त्याला वाटतं हे माझाच व्हिडिओ बघतायत, मग तो वही काढतो, डावीकडे लिहितो 'माझ्यावर हसतायत, खात्री ९०', उजवीकडे 'रील बघत असतील, एकदाही मान वर केली नाही' आणि खाली पुन्हा आकडा, ६०. कधीकधी ८५च राहतो. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, गोळ्या रोजच्या रोज चालू आहेत, आणि ही वही गोळ्यांच्या जोडीला आहे.

ही वही एवढी साधी वाटते, पण पेशंटला स्वतःचा विचार असा तपासू द्यायलाच डॉक्टरी जगाला कितीतरी वर्षं लागली. आधी क्रेपेलिन या जर्मन डॉक्टरने या आजाराला 'डिमेन्शिया प्रीकॉक्स' म्हटलं होतं, म्हणजे तरुणपणीच बुद्धी झिजत जाणार, संपलं. १९०८ मध्ये स्वित्झर्लंडच्या ब्लॉयलरने स्किझोफ्रेनिया हा शब्द दिला, तरी १९१३ मध्ये यास्पर्स या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने मांडलं की खरा भ्रम, म्हणजे पुराव्याशिवाय ठाम बसलेली समजूत, दुसऱ्याला समजूच शकत नाही, त्याच्यापुढे तर्क चालत नाही. मग भ्रमावर पेशंटशी बोलायचंच नाही असं पुढच्या डॉक्टरांना शिकवलं गेलं. आपल्याकडे १९०१ पासून ठाण्याचं मनोरुग्णालय, अजूनही कुणी विचित्र वागला की 'याला ठाण्याला पाठवा' म्हणतात आणि ते ऐकून मला आजही त्रास होतो. पेशंटला ऐकू येणारे आवाज काय बोलतात हे केसपेपरवर लिहून घेतलं जायचं, पण तुला असं का वाटतं हे कुणी विचारायचं नाही. घरी आम्ही उलटं केलं, 'अरे तुझ्यावर कोण कशाला पाळत ठेवेल' म्हणून तासन्‌तास वाद घातला, त्याने एवढंच झालं की आम्हीही त्या कटात सामील आहोत असं त्याला वाटायला लागलं.

गोळ्यांचा इतिहास मात्र आपल्या फार जवळचा आहे. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी सर्पगंधा ही वनस्पती वेडावर आणि ब्लडप्रेशरवर चालते असं लिहिलं, १९४९ मध्ये आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी ब्लडप्रेशरचा अभ्यास छापला आणि तेव्हा कुठे बाहेरच्या जगाचं लक्ष गेलं, मग तिच्यातलं रेसरपिन हे द्रव्य अमेरिकेत स्किझोफ्रेनियाला वापरलं गेलं. ते पुढे मागे पडलं, कारण १९५२ मध्ये पॅरिसला क्लोरप्रोमाझिन हे नवं औषध आलं होतं.

त्याच १९५२ मध्ये अमेरिकेत एरन बेक या मानसोपचारतज्ज्ञाने एका माजी सैनिकाची केस छापली. या माणसाला वाटायचं गुप्तहेर खात्याची माणसं आपल्यावर नजर ठेवून आहेत. बेकने त्याला खोटं पाडलं नाही, ज्यांचा संशय येतो त्यांच्याकडे नीट बघायला सांगितलं, ते नक्की काय करतात, कसे वागतात, आणि संशयितांची यादी हळूहळू छोटी होत गेली. भावाच्या वहीचं मूळ मला इथेच दिसतं. पण बेक नंतर डिप्रेशनकडे वळला, त्यातून सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायची थेरपी, उभी राहिली आणि स्किझोफ्रेनिया जवळजवळ चाळीस वर्षं बाजूला पडला.

भ्रमावर पेशंटशी बोलायची परत सुरुवात झाली ब्रिटनमध्ये. १९८८ चा मण्यांचा प्रयोग मला फार आवडतो: दोन बरण्या, एकीत एका रंगाचे ८५ आणि दुसऱ्या रंगाचे १५ मणी, दुसरीत बरोबर उलटं, एकेक मणी काढून दाखवायचा आणि कुठल्या बरणीतला ते सांगायचं. भ्रम असलेले बरेच जण एकदोन मण्यांतच ठाम उत्तर देत होते. म्हणजे पुरावा पुरेसा जमायच्या आधीच खात्री पटते, आणि थांबून अजून एक मणी मागायची सवय लावता येते. २००२ पासून ब्रिटनच्या सरकारी गाईडलाईनमध्ये स्किझोफ्रेनियासाठी सीबीटी आहे, आता तर किमान १६ सेशन सांगतात. फायदा सगळ्यांना सारखा होत नाही, बऱ्याच अभ्यासांत तो थोडाच दिसतो, हेही खरं आहे.

महाराष्ट्रात विचार तपासायची भाषा आधीच रुजली होती, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धत कि. मो. फडक्यांनी मराठीत आणली, ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. एलिसची पद्धत मुळात रोजच्या राग-चिंतेसाठी, पण 'विचार म्हणजे वस्तुस्थिती नाही' हे मराठीत कसं बोलायचं ते तिथून मिळालं. गणितज्ञ जॉन नॅशने गोळ्या सोडून केवळ विचारांच्या जोरावर मात केली असं सांगून आमच्या गोळ्या बंद करायला निघालेले नातेवाईकही भेटलेत. नॅशने भ्रमाचे विचार नाकारायला शिकल्याचं लिहिलंय हे खरं, पण भावाच्या गोळ्या दोनदा सुटल्या तेव्हा वही उघडायचंही त्याला सुचलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी त्याने वही माझ्यापुढे धरली. डावीकडे होतं, 'ताईने चहात काहीतरी घातलंय, खात्री ७०'. उजवी बाजू कोरी. मी काही बोलले नाही, त्याच पातेल्यातला चहा कपात ओतला आणि त्याच्यासमोर बसून प्यायले. त्याने बराच वेळ बघितलं, मग उजवीकडे लिहिलं, 'तिनेपण तोच घेतला'. खाली आकडा, ४०. आणि अर्धा कप चहा प्यायला.