गुलाबी बोंडअळीची लांब झोप

‘बीटी कपाशी आली आणि गुलाबी अळी घेऊन आली,’ असं विदर्भात आजही ठामपणे सांगणारे भेटतात. हे चूक आहे. बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारी, जनुक बदललेली कपाशी; अळी तिच्या खूप आधीची. ही अळी ज्या पतंगाची, त्याची शास्त्रीय नोंद १८४०च्या दशकात, भडोचच्या कपाशीवरच्या नमुन्यांवरून झालेली आहे.

पतंग करडा-तपकिरी, जेमतेम सेंटिमीटरभर, रात्री उडणारा. मादी पात्यांवर म्हणजे कळ्यांवर, फुलांवर, बोंडांवर अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी निघते आणि लगेच आत शिरते. फुलात शिरली की पाकळ्या धाग्यांनी बांधून टाकते, तीच डोमकळी. बोंडात शिरली तर छिद्र भरून येतं आणि बोंड वरून धडधाकट दिसतं. आतल्या अळीला वरचं औषध लागणार कसं? ‘एका फवारणीत अळी साफ’ म्हणून बाटल्या विकणं ही शुद्ध फसवणूक आहे. पावसाळ्यात महिना-सव्वा महिन्यात पिढी पूर्ण होते.

खरी कमाल पुढे आहे. दिवस लहान झाले, रात्री गारठल्या की पूर्ण वाढलेली अळी कोषात जातच नाही. कोषासाठी लागणारं एक्डिसोन हे संप्रेरक तिच्या शरीरात तयार होणं थांबतं. तेलकट सरकी खाऊन तिने चरबी साठवलेली असते. मग सरकीचे दोन दाणे धाग्याने जोडून ती मधल्या पोकळीत निजते. महिनोन्‌महिने, कधी वर्षाहूनही जास्त. अशाच सरकीतून ती इजिप्तला पोचली, तिथून १९११ला मेक्सिकोत आणि १९१७ला टेक्सासमध्ये. अमेरिकेने बीटी वाण, कामगंध (नरांना भुलवणारा मादीचा वास) आणि अब्जावधी वंध्य पतंग सोडून २०१८मध्ये आपल्या कपाशीतून तिचं उच्चाटन जाहीर केलं.

आपल्याकडे उलट झालं. ही अळी जवळजवळ फक्त कपाशीवरच जगते आणि शेतोशेती बीटीच. त्यामुळे प्रत्येक पिढी त्याच विषातून गाळली गेली. तगल्या त्यांचीच प्रजा वाढली. गुजरातेत एकजनुकी (विषाचं एकच जनुक असलेल्या) बीटीला ती दाद देत नसल्याचं २०१०मध्ये जाहीर झालं, पुढे दोनजनुकीलाही ती पुरून उरली. २०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्याने ते भोगलं.

त्यात फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही पीक राखणं. पाणी देऊन जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभी ठेवलेली पऱ्हाटी म्हणजे नेमक्या लांब झोपेच्या अळ्यांचं खाद्य. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पहिल्या पावसात यांचे पतंग निघतात. तेव्हा शेतात पात्या नसतील तर त्यांच्या अळ्यांना खायला काही मिळत नाही आणि ती पिढी तिथेच संपते. म्हणून डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटायची, पेरणीची घाई करायची नाही आणि जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, आवारात कामगंध सापळे उन्हाळाभर लावून ठेवायचे.