वजन किती, त्याहून ते कुठे आहे

कापसाची बंडी भरताना मागे जरा जास्त बोजा पडला की जू वर जाते आणि बंडी उलाळ होते, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. नागपूरच्या एका सर्व्हर रूममध्ये हाच नियम मी छातीत धस्स होऊन पाहिला आहे. रिकाम्या रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हर बसवायच्या चाकांच्या उंच कपाटात, नुकतीच बसवलेली डिस्कची (माहिती साठवणाऱ्या तबकड्यांची) पेटी सहकाऱ्याने रुळांवरून पूर्ण बाहेर ओढली आणि रॅकची मागची चाके फरशीवरून बोटभर उचलली गेली.

हिशेब साधा आहे. रॅक 120 किलोचा आणि 100 सेंटीमीटर खोल धरू. पुढची चाके दर्शनी कडेच्या 10 सेंटीमीटर आत असतील, तर रॅक त्या चाकांवरच कलतो. त्याचा गुरुत्वमध्य या टेकूच्या 40 सेंटीमीटर मागे असल्यामुळे त्याला सावरणारा वजन आणि अंतर यांचा गुणाकार 4800 येतो. आता 60 डिस्कची, सुमारे 100 किलोची, 90 सेंटीमीटर लांब पेटी पूर्ण बाहेर आली, की तिचे वजन टेकूच्या 55 सेंटीमीटर पुढे पडते आणि गुणाकार होतो 5500. पेटी रॅकपेक्षा हलकी असूनही रॅक पुढे झुकतो. कडेखालचे स्क्रूचे पाय फिरवून जमिनीवर घट्ट टेकवले, तर टेकू पुढे सरकतो आणि तोच हिशेब 6000 विरुद्ध 4500 असा उलटतो. मात्र अशा दोन पेट्या एकाच वेळी ओढल्या, तर 9000 पुढे 6000 टिकत नाहीत. म्हणून एका वेळी एकच पेटी बाहेर काढायची, हा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

या हिशेबात उंची कुठेच आली नाही. ती आडवी येते रॅक ढकलताना: सुमारे दोन मीटर उंचीच्या 42 यू (‘यू’ म्हणजे रॅकच्या उंचीचे माप) रॅकमध्ये जड सामान वर असेल, तर दाराच्या उंबऱ्यावर चाक अडताच तो कोलमडू शकतो. त्यामुळे यूपीएसच्या शिशाच्या बॅटऱ्या आणि डिस्कच्या पेट्या तळाशी बसवतात.

उचलण्याचेही तसेच आहे. अमेरिकेतील नियॉश ही कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणारी संस्था अगदी अनुकूल स्थितीतही एका माणसासाठी 23 किलोची मर्यादा सुचवते, आणि हात शरीरापासून जितके लांब जातील तितकी ती कमी होते. साडेतीन इंची डिस्क साधारण 700 ग्रॅमची असते. साठही काढल्या की पेटी 42 किलोंनी हलकी होते. तरीही उरलेले ओझे दोघांचे नव्हे, लिफ्ट ट्रॉलीचे आहे.

त्या दिवशी आम्ही पेटी हळूच आत सरकवली, चारही पाय टेकवले आणि मगच एकेक डिस्क, क्रमांकाची चिठ्ठी लावून, बाहेर काढली.