क्वायरची नाडी: पोरं चर्चमध्ये टिकतात कशानं?

"आजच्या पोट्ट्यांच्या डोक्यात डोपामीन भरलंय, त्यांना दीड तासाची उपासना झेपणार कशी?" नागपुरात सदरपासून मेकोसाबागपर्यंत कुठल्याही चर्चच्या कमिटीत बसा, तरुणांचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी टाकतंच. पुढचा ठरावही ठरलेला: मोठा प्रोजेक्टर, नवा ड्रमसेट, जमलं तर रंगीत दिवे. कन्फर्मेशन, म्हणजे चर्चचं पूर्ण सदस्य होण्याचा विधी, झालं की पोरं गायब होतात ही तक्रार खरी आहे, आणि जुनीही आहे. पण ज्या विज्ञानाचं नाव घेऊन हा खर्च मंजूर होतो, ते विज्ञान या खर्चाच्या बाजूनं मुळीच नाही.

डोपामीन हे सुखाचं रसायन आहे, असा एक समज व्हॉट्सॲपनं घरोघरी पोचवलाय. 1990च्या दशकात मेंदूवैज्ञानिक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामीन तयार करणाऱ्या पेशींचे विद्युतसंदेश मोजले. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की त्या पेशी उसळायच्या. पण रसाआधी ठरलेली खूण दिसते हे माकडाच्या लक्षात आलं, की रस मिळाला तरी पेशी ढिम्म. रस तोच, गोडीही तीच, फक्त तो अपेक्षित झाला होता. म्हणजे या पेशी सुख मोजत नाहीत, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात. प्रोजेक्टरची नवलाई दोन रविवार टिकते, तिसऱ्या रविवारी तो भिंतीचा भाग होतो. नावीन्याच्या शर्यतीत मोबाईलला हरवायला निघालेलं चर्च आधीच हरलेलं आहे. त्या वाटेला जाऊच नये.

मग टिकतात ती पोरं कुठली? आमच्या मंडळीत मला दिसतात ती बहुतेक क्वायरमधली, म्हणजे चर्चच्या गायनवृंदातली. इथे लगेच सावध व्हायला हवं: ज्यांना मुळात चर्चची ओढ आहे तीच क्वायरमध्ये जात असतील, आणि मग गाण्याला फुकटचं श्रेय मिळत असेल. हा आक्षेप रास्त आहे, त्याच्याकडे पुढे येतो. पण गाताना शरीरात जे घडतं ते इतकं सुरेख आहे, की त्यावर जरा रेंगाळायची परवानगी हवी.

शनिवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत सराव चालतो तेव्हा नवीन आलेल्या पोराकडे बघा. नववी-दहावीतला, आवाज नुकता फुटलेला, गीताची वही दोन्ही हातांत घट्ट धरलेली. पहिल्या कडव्यात तो ओळीच्या मध्येच श्वास घेतो आणि शेवटचा शब्द गिळतो. शेजारचे काका ओळ संपेपर्यंत ओढतात. दुसऱ्या कडव्यात पोरगा वहीपेक्षा काकांच्या खांद्याकडे जास्त बघतो. खांदा उचलला की यानंही श्वास घ्यायचा. तिसऱ्या कडव्याला दोघांचा श्वास एकत्र पडतो. हे त्याला कुणी शिकवत नाही, गाणंच शिकवतं.

आता आत काय चाललंय ते बघू. हृदयाच्या उजव्या अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात, सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका असतो, ठोके तिथून सुटतात. त्याला मोकळं सोडलं तर तो मिनिटाला साधारण 100 ठोके देईल. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी 70च्या आसपास असते, कारण मेंदूच्या तळापासून निघालेला व्हेगस नावाचा मज्जातंतू त्याला सतत आवरून धरतो. हा लगाम ॲसिटिलकोलीन या रसायनाचा आहे आणि तो भलताच चपळ आहे: ओढला की पुढच्याच एक-दोन ठोक्यांत परिणाम दिसतो. घाबरल्यावर नाडी वाढवणारी दुसरी यंत्रणा आहे, तिला काही सेकंद लागतात.

श्वास आत घेताना मेंदू हा लगाम सैल सोडतो, नाडी किंचित जलद होते. श्वास सोडताना लगाम पुन्हा आवळला जातो, नाडी मंदावते. कार्ल लुडविग यांनी 1847 मध्ये कुत्र्यावरच्या प्रयोगात हा चढउतार कागदावर रेखाटून दाखवला होता. त्याला आज रेस्पिरेटरी सायनस ॲरिथमिया म्हणतात. नाव आजाराचं वाटतं, पण हे निरोगीपणाचं लक्षण आहे. तरुणांमध्ये हा चढउतार ठळक असतो, वय वाढतं तसा तो ओसरत जातो. आत्ता वाचता वाचता करून बघा: मनगटावर दोन बोटं ठेवा, चार-पाच सेकंद सावकाश श्वास आत, तितकाच किंवा थोडा जास्त वेळ बाहेर. श्वास सोडताना ठोके लांबलेले बोटांना कळतात. मनगटी स्मार्ट घड्याळाच्या आकड्यात हे सहसा दिसत नाही, कारण ते काही सेकंदांची सरासरी काढून दाखवतं.

पुढचा भाग थोडा चढाचा आहे. मानेतल्या मोठ्या रोहिण्यांमध्ये आणि महाधमनीच्या कमानीत रक्तदाब ओळखणारे ताण-संवेदक असतात. दाब वाढला की ते मेंदूला कळवतात, मेंदू हृदय मंदावतो आणि रक्तवाहिन्या सैलावतो, दाब उतरतो. दाब फार उतरला की उलटं चक्र. यात हृदय चटकन ऐकतं, पण रक्तवाहिन्यांच्या भिंतींतले स्नायू सुस्त असतात. त्यांचा प्रतिसाद पोचेपर्यंत सुमारे पाच सेकंद जातात. उशिरानं येणारी दुरुस्ती म्हणजे थोडं जास्त, थोडं कमी असं हेलकावणं आलंच. पाच सेकंद जायचे, पाच यायचे, असा हा हेलकावा साधारण दहा सेकंदांचा होतो. आता श्वासही जर दहा सेकंदांचा झाला, तर झोका मागे आला की नेमका तेव्हाच धक्का द्यावा तसं होतं. श्वासाचा धक्का आणि दाबाचा हेलकावा जुळतात आणि नाडीचा चढउतार सगळ्यात मोठा होतो. भौतिकशास्त्रात याला अनुस्पंदन म्हणतात. दहा सेकंदांचा श्वास म्हणजे मिनिटाला सहा. एरवी आपण 12 ते 20 वेळा घेतो.

हा सहाचा आकडा प्रार्थनेत कसा अवतरतो हे इटलीतल्या लुचानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. डिसेंबर 2001 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा निबंध आला. 23 निरोगी प्रौढांना त्यांनी एकदा रोझरीतली, म्हणजे कॅथलिकांच्या जपमाळेतली, 'नमो मारिया' लॅटिनमध्ये म्हणायला लावली आणि एकदा 'ॐ मणि पद्मे हूँ' हा मंत्र. दोन्ही वेळी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि नाडी-दाबाच्या लयी एकमेकींत मिसळल्या. आमचीच प्रार्थना शास्त्रशुद्ध, असं म्हणू पाहणाऱ्या दोन्हीकडच्या मंडळींची यात पंचाईत आहे. शिवाय ही मोजणी प्रार्थना चालू असतानाची होती. जपमाळ ओढली म्हणून, किंवा एखाद्या चंगाई सभेत, म्हणजे आजार बरे करण्याच्या प्रार्थनासभेत, कपाळावर हात पडला म्हणून बीपीची गोळी बंद करा असं कुणी सांगत असेल, तर त्या माणसापासून दहा हात दूर राहा. तीच गोष्ट '432 हर्ट्झचं दैवी संगीत' विकणाऱ्यांची. 440 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 440 कंपनं, हा वाद्यं एकमेकांशी जुळावीत म्हणून 1955 साली आंतरराष्ट्रीय मानकात घेतलेला आकडा आहे. ना तो सैतानाचा, ना 432 देवाचा. आमच्या चर्चची हार्मोनियम उन्हाळ्यात या दोहोंपैकी कुणाचंच ऐकत नाही.

आता क्वायर. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथे ब्योर्न विकहॉफ यांच्या गटानं 18 वर्षांच्या मुलामुलींना एकत्र गायला लावून त्यांची नाडी मोजली. 2013 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कामं तीन: एकच सूर गुणगुणणं आणि हवा तेव्हा श्वास, मग एक स्तोत्रगीत, मग फक्त ओळीच्या शेवटीच श्वास घ्यायचा असा एक संथ मंत्र. गाण्याची बांधणी जितकी नियमित, तितके गाणाऱ्यांच्या नाडीचे चढउतार एकमेकांशी जुळले. वर्तमानपत्रांनी लगेच 'हृदयं एकसाथ धडधडतात' असे मथळे दिले. तसं नव्हतं. ठोक्याला ठोका जुळत नव्हता, वेग एकाच वेळी वाढत आणि उतरत होता. एका हृदयातून दुसऱ्या हृदयाकडे कसलीही लहर जात नाही. प्रत्येकाचं हृदय आपापल्या फुप्फुसाचं ऐकतं, फुप्फुसं गाण्याचं ऐकतात, आणि गाणं सगळ्यांचं एकच असतं. मला तर त्या मथळ्यापेक्षा हे जास्त आवडतं.

संथ गीतात एका अक्षराला एक सेकंद धरा. आठ अक्षरांची ओळ आणि श्वासाला दोन सेकंद, झाले दहा. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ओवी-अभंगांचे छंद मराठी उपासनेत आणले. त्यांचे चरण सहा-आठ अक्षरांचे आणि चरण संपला की आपोआप श्वास. त्यांनी काही नाड्या मोजल्या नव्हत्या, पण वारकऱ्यांनी शेकडो वर्षं गाऊन घासलेला छंद त्यांनी उचलला. सध्याची जलद वर्शिप गाणी तीन-चार सेकंदांच्या तुकड्यांची असतात. त्यांत श्वास मिनिटाला 15 ते 20 राहतो, म्हणजे बसल्या बसल्या असतो तितकाच. ती टाकाऊ आहेत असं मात्र नाही. टाळी आणि पाऊल जुळण्याचा परिणाम वेगळाच असतो: स्टॅनफर्डमध्ये विल्टरमथ आणि हीथ यांनी 2009 मध्ये दाखवलं, की पावलाला पाऊल मिळवून चाललेले गट नंतरच्या खेळात एकमेकांना जास्त सहकार्य करतात. माझी तक्रार स्पीकरबद्दल आहे. बँडचा आवाज इतका मोठा असतो की पोराला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, शेजाऱ्याचा तर नाहीच. मग तो गाणं थांबवतो आणि ऐकतो. ऐकणाऱ्याच्या श्वासाला गाण्यानं बांधून घ्यायचं कारणच उरत नाही.

या सगळ्यावर कुणाला वाटेल, की भक्तीला नाडी लावून मोजायची ही काय रीत? नागपूरच्या चर्चला तरी विज्ञानाचं वावडं असायचं कारण नाही. 1845 मध्ये इथे आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप शाळा चालवायचे, उपदेश करायचे आणि टाकळीच्या खडकांत जीवाश्म शोधायचे. रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी नागपूर परिसराच्या भूगर्भावर लिहिलेला निबंध 1855 सालचा आहे. त्यांच्या नावाचं एक खनिज आहे आणि कॉलेजही. 'देव की विज्ञान, एक निवड' असं अकरावीतल्या पोराला सांगणाऱ्यानं हा माणूस एकदा वाचावा.

आता मघाचा आक्षेप, की मुळात ओढ असलेली पोरंच क्वायरमध्ये जात असतील. व्हेगसनं श्रद्धा येत नाही. पण ओळखी लवकर होतात का? ऑक्सफर्डच्या आयलुनेड पिअर्स, जॅक लॉने आणि रॉबिन डनबार यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रौढांचे नवे वर्ग सात महिने पाहिले: काही गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. पहिल्या महिन्यात गाणाऱ्या वर्गांत जवळीक झपाट्यानं वाढली. सात महिन्यांनी मात्र सगळे वर्ग सारखेच जवळ आले होते. गाणं बर्फ लवकर फोडतं, इतकंच. बाकीचं काम नियमित भेटण्यानं होतं. हे निष्कर्ष प्रौढांचे आहेत, पण मला त्यांतला पहिला महिना फार मोलाचा वाटतो, कारण नवं पोर तरुण संघाच्या दारातून परत फिरतं ते त्याच महिन्यात.

आणि घर? मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेनरिक यांनी 2009 मध्ये मांडलं, की मुलं मोठ्यांच्या बोलण्यापेक्षा त्यांनी श्रद्धेपायी काय खर्च केलं, काय सोसलं हे बघून विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवतात. कॅलिफोर्नियात व्हर्न बेंग्टसन यांनी 1970 पासून पिढ्यान् पिढ्या एकाच कुटुंबांचा पाठपुरावा केला. मुलांकडे श्रद्धा जाते त्यात वडिलांशी असलेल्या जिव्हाळ्याचा वाटा मोठा निघाला. पोराला चर्चच्या फाटकाशी सोडून गाडी वळवणाऱ्या बापानं प्रोजेक्टरला देणगी देऊन काही साधत नाही.

29 नोव्हेंबर 1970 ला सहा परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना नागपुरातच झाली. तेव्हा विशीत असलेले आज सत्तरीपार आहेत, त्यातले कितीतरी अजून दर रविवारी गातात. मोहननगर, मार्टिननगरच्या घरांतली विशीतली पोरं मात्र आता नागपुरात नसतातच, ती पुण्याला नाहीतर हैदराबादला असतात. त्यांना आपण 'चर्च सोडलेली' म्हणतो, वास्तविक त्यांनी शहर सोडलेलं असतं आणि नव्या शहरातल्या पहिल्या महिन्यात त्यांना शेजारी उभं करून घेणारं कुणी भेटलेलं नसतं. नव्या चर्चला दाखवायला पाळकसाहेब सदस्यत्वाची चिठ्ठी देतातच. तिच्यात 'टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) गातो' एवढे दोन शब्द आणि तिथल्या क्वायरमास्तरचा फोन नंबर घालायला काहीच खर्च येत नाही.