बुजरा फारोख, मंचावरचा फ्रेडी आणि त्याचे चाहते

बडोद्याहून मुंबईला निघालेली गाडी भरूच, सुरत, नवसारी करत वलसाडला पोचते. जुन्या माणसांच्या तोंडी या गावाचं नाव अजून बुलसारच आहे. फारोख बुलसाराच्या घराण्याचं आडनाव याच गावचं. त्याचा जन्म मात्र ५ सप्टेंबर १९४६ रोजी पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर झाला, कारण वडील बोमी तिथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत, कोर्टात रोखपाल होते. घरात पारशी वळणाची गुजराती बोलली जायची. हाच मुलगा पुढे गायक फ्रेडी मर्क्युरी झाला, आणि त्याच्या क्वीन या ब्रिटिश रॉक बँडची गाणी बडोद्याच्या मराठी घरांतही शिरली.

मी अशाच एका घरातला. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत वाढलेल्या आमच्या पिढीने नाट्यगीतं, भावगीतं आणि शेजारच्या घरातले गरबे एकाच वेळी ऐकले, आणि त्यातच हा आवाज आला. ज्याच्या एका हाताच्या इशाऱ्यावर हजारो माणसं गायची, तो माणूस मंचाखाली अत्यंत बुजरा होता, हे बऱ्याच जणांना खूप उशिरा कळलं. कळल्यावर त्याच्यावरचं प्रेम दुणावलंच. ते इतकं टिकलं यात त्याच्या बुजरेपणाचा वाटा गाण्याइतकाच मोठा आहे, असं मला मनापासून वाटतं.

या बुजरेपणाची सुरुवात बहुधा पाचगणीला झाली. आठेक वर्षांच्या फारोखला आईवडिलांनी बोटीने हिंदुस्थानात धाडलं आणि सेंट पीटर्स या बोर्डिंग शाळेत घातलं. आईवडील समुद्रापार. सुट्टीत जायचं ते मुंबईला, आजी आणि मावशीकडे. वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. त्यावरून मुलं ‘बकी’ म्हणून चिडवायची. हसताना तोंडावर हात धरायची किंवा वरचा ओठ ओढून दात झाकायची सवय त्याला तेव्हा लागली ती कायमची. हाताशी पैसा आल्यावरही त्याने दात काढून घेतले नाहीत. आवाज बदलेल अशी त्याला धास्ती होती. त्याच्या जुन्या मुलाखती पाहताना याकडे जरूर लक्ष द्यावं. प्रश्न मजेशीर असला की चेहरा खुलतो आणि त्याच क्षणी हात वर जातो. तो हात पाहिला की पाचगणीतला मुलगा दिसतो.

फ्रेडी हे नाव त्याला शाळेतल्या मित्रांनीच दिलं. रेडिओवर एकदा ऐकलेली चाल तो लगेच पियानोवर वाजवून दाखवायचा, असं त्याच्या वर्गमित्रांनी सांगितलं आहे. १९५८च्या सुमारास शाळेतल्या पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांची गाणी ते शाळेच्या कार्यक्रमांत वाजवायचे. त्या बँडचा मुख्य गायक दुसराच मुलगा होता आणि फ्रेडी पियानोवर बसायचा. लंडनच्या वेम्ब्ले मैदानाला नाचवणाऱ्या माणसाची सुरुवात अशी वाद्याच्या आडोशाने झाली.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली, सुलतानाची सत्ता गेली, आणि बुलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला, हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्थम या उपनगरात आलं. बडोद्याच्या माणसाला ही कथा परकी वाटत नाही. पूर्व आफ्रिकेत दुकान चालवणारी, तिथून उठून लेस्टर किंवा लंडनमध्ये जाऊन पुन्हा शून्यापासून सुरुवात करणारी कुटुंबं इथल्या प्रत्येक गुजराती पोळात, म्हणजे गल्लीवजा वस्तीत, निघतील. वेम्ब्ले हे नाव आमच्याकडे मैदानाच्या आधी माहीत झालं ते शेजाऱ्यांच्या काकामामांचा पत्ता म्हणून. इंग्रजी रॉक बडोद्यात पोचलं त्यातही या नातेवाइकांच्या बॅगांचा मोठा हात होता. कुणाचा तरी भाचा डिसेंबरात यायचा, त्याच्यासोबत एखादी रेकॉर्ड किंवा कॅसेट यायची, आणि तिच्यावरून टीडीकेच्या ९० मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून घेतलेली प्रत गल्लीभर फिरायची. दुसरी वाट महाराजा सयाजीराव विद्यापीठाची. ललितकला विभागात आणि वसतिगृहांत देशभरातून मुलं यायची आणि येताना आपापली गाणी आणायची. १९९१ मध्ये स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आलं तेव्हा कुठे आम्ही या गायकाला नीट पाहिलं. त्याच वर्षाअखेर तो गेला.

गाणाऱ्या माणसावर जीव टाकणं या शहराला नवं नाही. सयाजीराव गायकवाडांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा उघडली, पुढे फैयाझ खाँ इथल्या दरबारात गायले, आणि गंधर्व नाटक मंडळीला बडोद्याचा राजाश्रय मिळाला. बालगंधर्वांच्या एकेका पदाला रात्र सरेपर्यंत वन्समोअर देणाऱ्या प्रेक्षकांची नातवंडं क्वीन ऐकत होती. पारशांशी नातंही जुनंच. दादाभाई नवरोजी इथले दिवाण होते आणि नवसारी तर बडोदे संस्थानातच होती. क्वीनच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्यात मधेच ‘बिस्मिल्ला’ हा ओळखीचा शब्द ऐकू आला तेव्हा आम्ही कॅसेट पुन्हापुन्हा मागे नेऊन खात्री करून घेतली. १९७५ च्या ऑक्टोबरात आलेलं हे गाणं पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं. एवढं लांब गाणं रेडिओ लावणार नाही असं कंपनीवाले म्हणत होते. ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

आता चाहत्यांकडे वळू, कारण क्वीनच्या बाबतीत त्यांनी खरोखर गाणी घडवली आहेत. १९७७ च्या मे महिन्यात स्टॅफर्डच्या बिंगली हॉलमध्ये कार्यक्रम संपला, बँड मंचामागे गेला, तरी लोक हलेनात. ते आपणहून फुटबॉलच्या मैदानावरचं एक गाणं गाऊ लागले. गिटारवादक ब्रायन मेने हा प्रसंग अनेकदा सांगितला आहे. चेंगरून उभ्या असलेल्या गर्दीला काय करता येईल? पाय आपटता येतील, टाळ्या वाजवता येतील, गाता येईल. या विचारातून त्याने ‘वी विल रॉक यू’ लिहिलं, आणि फ्रेडीने ‘वी आर द चॅम्पियन्स’. त्याआधी बँड वाजवायचा आणि लोक ऐकायचे. इथून पुढे लोकांसाठी गाण्यातच जागा राखली जाऊ लागली.

बुजऱ्या माणसाला हे मानवणारंच होतं. गप्पा मारायला त्याला जड जायचं, पण सुरांत प्रश्न टाकून सुरांतच उत्तर घ्यायला तो कधी कचरला नाही. तो ‘ए ओ’ म्हणून एक तान सोडायचा, मैदान ती परत करायचं, मग तो आणखी अवघड तान घ्यायचा. १३ जुलै १९८५ रोजी लाइव्ह एड या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीच्या कार्यक्रमात वेम्ब्लेवर बहात्तर हजारांच्या आसपास माणसं होती. संध्याकाळचे पावणेसात, लख्ख उजेड, म्हणजे रोषणाईची मदत शून्य. क्वीनला मिळाली वीसेक मिनिटं. पांढरी बनियन, फिकट जीन्स, दंडाला पट्टा आणि हातात माईकचा अर्धाच दांडा. हा दांडाही उमेदवारीच्या काळातला. एका कार्यक्रमात स्टँड मधून निसटला, वरचा भाग हातात राहिला, आणि तो त्याने आयुष्यभर सोडला नाही. ‘रेडिओ गागा’ सुरू झालं आणि सगळं मैदान हात डोक्यावर नेऊन एका ठेक्यात दोनदोन टाळ्या देऊ लागलं. बडोद्यात नवरात्रीत मोठ्या मैदानावर तीन ताळीचा गरबा खेळलेल्या माणसाला ही टाळी समजावून सांगावी लागत नाही. अनोळखी हजारोंचे हात एकाच क्षणी मिळाले की अंगावर काय उमटतं, ते इथे लहान मुलालाही ठाऊक असतं.

भाषा कधीच आड आली नाही. मार्च १९८१ मध्ये ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या मोरुंबी मैदानात एका रात्री १,३१,००० लोक होते. इंग्रजी न बोलणाऱ्या त्या लोकांनी ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ एवढं तोंडपाठ म्हटलं की फ्रेडी थांबला आणि गाणं त्यांच्यावरच सोपवलं. जुलै १९८६ मध्ये बुडापेस्टला त्याने हंगेरीचं एक लोकगीत गायलं. शब्द चुकू नयेत म्हणून तळहातावर लिहून आणले होते. चित्रफितीत तो गाताना मधेच तळव्याकडे बघतो. परक्या भाषेतल्या चार ओळी चुकतील या काळजीने हात शाईने भरवणारा हा माणूस त्या काळचा सर्वांत मोठा मंचसम्राट होता. मला त्याची ही चित्रफीत लाइव्ह एडपेक्षाही प्रिय आहे. पुढच्याच महिन्यात, ९ ऑगस्टला, नेबवर्थला तो क्वीनबरोबर शेवटचा गायला. भारतात क्वीनचा कार्यक्रम कधी झालाच नाही.

आपल्याकडे एक तक्रार नेहमी ऐकू येते, की त्याने आपलं भारतीयपण लपवलं. पाचगणीचं नाव घेतलं नाही, बुलसाराचं घेतलं नाही. ही तक्रार मला पटत नाही. १९६८ मध्ये इनॉक पॉवेल या ब्रिटिश खासदाराने स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं तेव्हा हा मुलगा ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइन शिकत होता. सावळ्या रंगाच्या, परक्या नावाच्या तरुणाने त्या काळात इंग्रज रॉकचा पुढारी व्हायचं ठरवलं, तर तो काय बोलेल आणि काय बोलणार नाही, याचा हिशेब आपण आज आरामात बसून करू नये. शिवाय तो फक्त याच बाबतीत गप्प होता असंही नाही. प्रेम, घर, आजार, गाण्यांचे अर्थ, यांतल्या कशावरच त्याला खुलासा द्यायला आवडत नसे. मुलाखती तर तो मोजक्याच द्यायचा. त्यामुळे चाहत्यांच्या हाती उरलं ते गाणं, आणि त्यात प्रत्येकाने आपापलं काही ओतलं. घरापासून लांब वसतिगृहात राहणाऱ्याला तो आपला वाटला, आणि आपण चारचौघांसारखे नाही हे कुणाला सांगता न येणाऱ्यालाही वाटला. बडोद्यातल्या मराठी मुलांना घरात एक भाषा आणि अंगणाबाहेर दुसरी यांची सवय असते. त्यांना तर त्याच्यातला फारोख आणि फ्रेडी हा दुहेरी संसार फोड करून सांगायची गरजच पडली नाही.

शेवटच्या वर्षात लंडनची वृत्तपत्रं त्याच्या दारात ठाण मांडून होती. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपल्याला एड्स असल्याचं निवेदन दिलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, वयाच्या ४५व्या वर्षी, तो गेला. अंत्यविधी पारशी पद्धतीने झाले, दस्तुरांनी प्रार्थना म्हटल्या. रॉकच्या दुनियेला ते अनोळखी होतं. बडोद्यातल्या पारशी घरांत मात्र ते आपलं माणूस गेल्यासारखंच होतं.

त्याच्या अस्थी कुठे आहेत हे त्याच्या इच्छेनुसार मेरी ऑस्टिन या त्याच्या जिवलग मैत्रिणीशिवाय कुणाला सांगितलं गेलं नाही. इतक्या चाहत्यांना जायला समाधी नाही, म्हणून त्यांनी आपल्या जागा आपणच शोधल्या. केन्सिंग्टनमधल्या त्याच्या घराच्या भिंतीवर आणि दारावर लोक वर्षानुवर्षं निरोप लिहीत राहिले. २०१७ मध्ये ती भिंत साफ करण्यात आली. २०२३ च्या सप्टेंबरात सदबीजने त्याच्या वस्तूंचा लिलाव केला तेव्हा चाहत्यांच्या अक्षरांनी भरलेलं ते हिरवं दार चार लाख पौंडांच्या वर गेलं. स्वित्झर्लंडमध्ये मोंट्रोच्या सरोवराकाठी १९९६ पासून त्याचा पुतळा आहे, झांझिबारला संग्रहालय आहे, आणि पाचगणीला जाणारे चाहते शाळेचा पत्ता विचारत असतात.

यातलं सगळ्यांत भरीव काम पैशाचं आहे. डिसेंबर १९९१ मध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पुन्हा काढलं, ते पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि त्यातून दहा लाख पौंडांहून जास्त रक्कम एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला मिळाली. २० एप्रिल १९९२ ला वेम्ब्लेवर त्याच्या आठवणीसाठी मोठा कार्यक्रम झाला आणि त्यातून बँडमधल्या सहकाऱ्यांनी मर्क्युरी फीनिक्स ट्रस्ट उभा केला. २०१० पासून या ट्रस्टच्या हाकेला ओ देऊन जगभरचे चाहते त्याच्या वाढदिवशी खोटी मिशी लावून कामावर जातात आणि दिवसभरात जमलेली वर्गणी एड्सच्या कामासाठी पाठवतात. पुष्कळसे मुळात लाजरे असतात. एरवी ऑफिसात मान वर न करणारा माणूस त्या दिवशी मिशी लावून टेबलाटेबलावर डबा फिरवतो.