लेझर मारला की पायोरिया गेला?

‘लेझर मारून घ्या, खरवडाखरवडी नको, पायोरिया पुन्हा होणारच नाही.’ हे वाक्य कित्येक वर्षं कानावर पडतंय. त्यातला ‘पुन्हा होणारच नाही’ हा तुकडा तर निव्वळ थाप.

पायोरिया हा हिरड्यांचा आजार. हिरड्या सुजतात त्या दाताला चिकटलेल्या जंतूंच्या थरामुळे. हाच थर कडक होऊन कीटण बनतं. डॉक्टर खुणांची बारीक सळई दात आणि हिरडीच्या फटीत घालून खोली मोजतात. १ ते ३ मिलिमीटर ठीक. त्याहून खोल गेली, की ब्रश तिथे पोचतच नाही.

बऱ्याच दवाखान्यांत असतो तो डायोड लेझर. फुगलेली हिरडी तो सुरेख कापतो, रक्तही कमी येतं. पण मुळाला धरून बसलेलं दगडासारखं कीटण त्याने निघत नाही. एर्बियम लेझर ते काढू शकतो. तो महाग, म्हणून सगळीकडे नसतो.

अमेरिकेत २००४ साली एका लेझर पद्धतीला मंजुरी मिळाली. तिच्यातही मुळं अल्ट्रासॉनिक यंत्राने साफ करावीच लागतात, हे सहसा कुणी सांगत नाही. युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या महासंघाने तर २०२० मध्ये, हिरडीखालच्या खोल सफाईला जोड म्हणून लेझर वापरू नये, असंच सुचवलं.

आणि उत्तम सफाईनंतरही जंतूंचा थर काही तासांत पुन्हा धरू लागतो. तंबाखू चालू असेल, साखर वाढलेली असेल, तर विचारूच नका. लेझरचं पॅकेज घेण्याआधी फटींचे आकडे लिहून मागा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजून घ्या.