टीव्हीतली पाल

दिवाळीत मामांचा फोन आला. "अरे, जुन्या टीव्हीत रेड मर्क्युरी असतंय म्हणं. लोकं लाखाला घ्यायलेत!" मामांचं गाव अंबाजोगाईजवळ, टीव्ही १९८७ सालचा, रंगीत. रेड मर्क्युरी टीव्हीत नसतंच, मुळात असा पदार्थच अस्तित्वात नाही. या व्हॉट्सअ‍ॅपी भाकडकथेपायी लोक चांगले संच फोडतायत. पण त्या खोक्यात एक खरंच नवलाची वस्तू असते, म्हणून मी गेलो.

टीव्ही लावला तर नुसत्या मुंग्या. "दूरदर्शन बंद पडलं," मामा म्हणाले. दूरदर्शन चालूच आहे. सह्याद्री फ्री डिशवर दिसते. बंद झालं ते टॉवरवरून थेट छतावरच्या अँटेनाला येणारं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण. मोक्याच्या जागचे पन्नासेक ट्रान्समीटर वगळता बाकीचे ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करणार, असं प्रसार भारतीने २०२१च्या ऑक्टोबरमध्ये सांगितलं होतं. कारण साधं आहे. अ‍ॅनालॉगमध्ये एक वाहिनी जेवढी जागा अडवते, तेवढ्यात डिजिटलवर अनेक वाहिन्या मावतात. २०१६ मध्ये दूरदर्शनने सोळा शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, त्यात आपलं औरंगाबादही होतं.

अ‍ॅनालॉगवर रंगीत चित्र पाठवायच्या या जाणाऱ्या पद्धतीचं नाव पाल (PAL). ही भिंतीवरची नव्हे. जर्मनीत टेलिफुंकन कंपनीच्या वाल्टर ब्रुख यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती काढली, आणि भारतात १९८२ मध्ये रंग आले ते तिच्यातूनच.

पालमधलं चित्र ६२५ आडव्या रेघांचं, सेकंदाला २५ वेळा काढलेलं. कृष्णधवल सिग्नल पूर्वीसारखाच ठेवून त्यावर ४.४३ मेगाहर्ट्झची रंगाची लहर बसवली. लहर किती जोरकस, यावर रंगाचा गडदपणा ठरतो. ती ठरल्या ठोक्याच्या किती पुढे-मागे आहे, म्हणजे तिची कला काय, यावर लाल की हिरवा हे ठरतं. अडचण इथेच आहे. टेकडीवर आपटून किंवा यंत्रातून जाताना कला दहा अंशांनी सरकली, की माणसाचा चेहरा हिरवट! अमेरिकी पद्धतीच्या संचांना त्यासाठी रंगछटेचं वेगळं बटण असायचं.

ब्रुख यांची युक्ती मोंढ्यावरच्या माणसाला लगेच कळेल. तराजूला पासंग असेल तर काय करावं? माल एकदा या पारड्यात जोखावा, एकदा त्या, आणि सरासरी काढावी. पालमध्ये रंगाचे दोन घटक असतात. त्यातला एक दर रेघेआड उलटा करून पाठवतात आणि संचात पुन्हा सुलटा करतात. मग एका रेघेतली +१० अंशांची चूक पुढच्या रेघेत −१० होते. दोन्हींची सरासरी काढली की छटा अचूक, रंग फक्त दीड टक्का फिका (१० अंशांची कोज्या ०.९८५, गणितवाल्यांनी पडताळून पाहावं).

पण सरासरीसाठी आधीची रेघ हाताशी हवी, म्हणजे ती एका रेघेइतका वेळ, ६४ मायक्रोसेकंद, धरून ठेवायला हवी. तेव्हा घरगुती संचात बसेल अशी मेमरी चिप कुठली? तेवढ्या वेळात प्रकाश १९ किलोमीटर जातो, म्हणजे तारेत रेंगाळवायचं तर मैलोगणती तार लागणार. मग सिग्नलचा आवाज केला. काचेच्या वडीच्या एका कडेला सिग्नल श्राव्यातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या कंपनांत बदलतो. ती कंपनं कडांवर आपटत-वळत वीतभराहून कमी वाट चालतात आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा वीज होतात. काचेतला ध्वनी विजेच्या लाखपट मंद, म्हणून हे जमतं.

टीव्ही उघडायच्या दोन दिवस आधीच प्लग काढून ठेवला होता. पिक्चर ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात, त्यामुळे माहीतगाराशिवाय मागचं झाकण उघडू नये. मी बरीच वर्षं हेच काम केलंय. सर्किट बोर्डाच्या कोपऱ्यात ती वडी सापडली, प्लॅस्टिकच्या डबीत, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. नंतरच्या संचांत तिची जागा चिपने घेतली.

"हिचे किती येतील?" मामांनी विचारलं.

मी फ्री डिशच्या डब्याची पिवळी पिन टीव्हीला जोडली. पूर्वी व्हीसीआरसाठी गावातल्या मेकॅनिकने मागे सॉकेट बसवलं होतं. टॉवर गेला, तरी त्या पिवळ्या पिनेतून बाहेर पडतो तो पालच. चित्र आलं, चेहरे गव्हाळ, हिरवट अजिबात नाहीत. काचेतून एकेक रेघ ६४ मायक्रोसेकंद उशिरा येत होती.

मामी आतून म्हणाल्या, "झाकण तेवढं लाव बाबा, पोरं हात घालतील."