गर्भवाढीची तपासणी : कोल्हापूर

गर्भाशयातले बाळ आठवड्यांच्या मानाने वाढते आहे की नाही, हे पोटाची उंची, सोनोग्राफीतली मापे आणि नाळेतला रक्तप्रवाह यांवरून पडताळण्याची पद्धत. एका मापावरून बाळाचा आकार कळतो, वाढ नव्हे. वाढ कळायला दोन मापे आणि त्यांच्यामधला काळ नेमका माहीत असावा लागतो. म्हणून सारा हिशेब शेवटच्या पाळीच्या तारखेपासून सुरू होतो.

त्या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवले की प्रसूतीची अपेक्षित तारीख निघते : पाळी १ जानेवारीला आली असेल, तर ८ ऑक्टोबर. एकूण २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे. हे गणित २८ दिवसांच्या नियमित पाळीचे. पाळी मागेपुढे होत असेल किंवा ‘जोतिबाच्या यात्रेच्या आसपास चुकली’ एवढेच आठवत असेल, तर ते डळमळते. तेव्हा पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी कामी येते. तीत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात. या काळात बहुतेक बाळे जवळपास एकाच वेगाने वाढत असल्याने वय पाच-सात दिवसांच्या फरकाने सांगता येते. पुढे बाळागणिक वेग बदलतो, आणि उशिरा केलेल्या सोनोग्राफीवरून वय ठरवणे कठीण जाते. ‘बाळ बारीक आहे’ असे ऐकून धसका घेतलेल्या बाईचे बाळ पुष्कळदा ठीकच असते. चुकलेली असते ती तारीख.

उपकेंद्रातल्या नर्सबाईंचे साधन म्हणजे हात आणि टेप. गर्भाशयाचा वरचा काठ सुमारे १२ आठवड्यांना ओटीपोटाच्या हाडाशी, २० आठवड्यांना बेंबीपाशी आणि ३६ आठवड्यांना छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी पोचतो. साधारण २४ आठवड्यांनंतर टेपवरचे सेंटिमीटर आठवड्यांच्या आकड्याच्या जवळपास येतात. तीनएक सेंटिमीटरची तफावत दिसली की सोनोग्राफी सांगतात. आडवे बाळ, जुळे, कमी-जास्त गर्भजल किंवा आईचा स्थूलपणा टेपला चकवतो. नवव्या महिन्यात बाळाचे डोके खाली उतरले की उंची कमी भरते. ‘पोट उतरलं’ म्हणतात ते हेच, आणि ते काळजीचे नाही. पोटाच्या आकारावरून मुलगा की मुलगी सांगणाऱ्या आज्या अजून आहेत. त्यांचे भाकीत निम्म्या वेळा खरे ठरणारच.

सोनोग्राफीत डोक्याची रुंदी व घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी घेतात. त्यांवरून यंत्र वजन काढते. पण तो अंदाज असतो, १५ टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे होऊ शकणारा. यांत पोटाचा घेर सर्वांत बोलका. वारेतून पोषण कमी पडू लागले की बाळाच्या यकृतातला साठा आधी घटतो आणि घेर खुंटतो, तर डोके बराच काळ जपले जाते. त्या आठवड्याच्या शंभर बाळांत वजनाने सर्वांत खालच्या दहांत बसणाऱ्या बाळाला ‘लहान’ म्हणतात. आईच लहान चणीची असेल, तर असे बाळ निरोगीही असू शकते. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजतात आणि डॉप्लरने, म्हणजे रक्ताचा प्रवाह टिपणाऱ्या सोनोग्राफीने, नाळेतला प्रवाह पाहतात. दोन ठोक्यांच्या मध्ये तो थांबत किंवा उलटा फिरत असेल, तर वेळेआधी प्रसूती करण्याचा विचार करावा लागतो. बाळाची हालचाल कमी झाल्यासारखी वाटली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो.

वाढ खुंटण्यामागे उच्च रक्तदाब, रक्तक्षय आणि वारेचे दोष ही नेहमीची कारणे. या भागात त्यांच्या जोडीला मिश्रीही धरावी लागते. ती दात घासायची म्हणून लावली जाते, तंबाखू म्हणून मोजलीच जात नाही. डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का?’ विचारले, तर उत्तर ‘नाही’ असे येते. प्रश्न मिश्रीचे नाव घेऊनच विचारावा लागतो.

वाढ मोजणारे यंत्रच लिंग ओळखायलाही वापरले गेले, आणि त्याची झळ कोल्हापूरला जोरात बसली. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या; २०११ मध्ये ८६३. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा कायदा १९९४ चा. लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना जिल्ह्यातल्या सोनोग्राफी यंत्रांना तपासणीची नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे उपकरण जोडले गेले. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते फेटाळले. आजही सोनोग्राफीआधी अर्ज भरून सही करावी लागते, ती याच कायद्यामुळे.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. गुंतागुंतीच्या बाया ‘सीपीआर’ला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात पाठवल्या जातात. नोंदी माता-बाल संरक्षण कार्डावर होतात. अडचण कार्डाच्या प्रवासाची आहे. सातव्या महिन्यात ओटी भरून पहिलटकरीण माहेरी जाते; डॉक्टर बदलतात, यंत्र बदलते आणि सुरुवातीचे रिपोर्ट सासरच्या कपाटात राहतात. गळीत हंगामात बीडकडून येणाऱ्या ऊसतोड बायांची निम्मी मापे गावाकडे आणि निम्मी फडाजवळच्या दवाखान्यात होतात. पहिल्या तिमाहीचा रिपोर्ट कार्डालाच टाचलेला असला, तर शिरोळच्या डॉक्टरांना तारखेचा हिशेब नव्याने मांडत बसावे लागत नाही.